आमची नवी गिटार

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाच्या घरात ज्या नव्या वस्तू येतात, त्या बहुधा डॉक्टरांच्या सल्ल्याने येतात. रक्तदाब मोजण्याचे यंत्र येते, गुडघ्यास बांधावयाचा पट्टा येतो, चहात साखरेऐवजी टाकावयाच्या गोळ्यांची डबी येते. अशा वस्तू आल्या म्हणजे कोणी पेढे मागत नाही आणि कोणी हसतही नाही. आमच्या घरात मात्र दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात जी वस्तू आली, तिचा कोणत्याही डॉक्टराशी संबंध नव्हता. काळ्या पिशवीतली ती लांबोडकी वस्तू आम्ही रिक्षातून उतरवून घेत असता समोरच्या ओट्यावरील वृद्ध गृहस्थांनी चष्मा सरसावला आणि दूध घालणारा गवळी गाडी थांबवून म्हणाला, "सर, हे काय आणलाव?" आम्ही शक्य तितक्या गंभीरपणे "गिटार" असे उत्तर दिले. "लेकराला आणलाव व्हय!" असे तो समाधानाने म्हणाला. आमचे एकुलते एक लेकरू नोकरीनिमित्त पुण्यास असते, ही गोष्ट त्यास चांगली ठाऊक आहे. ती त्याच्या ध्यानात येण्यापूर्वीच आम्ही दार लावून घेतले.

घरात प्रवेश झाल्यावर दुसरी परीक्षा होती. आमच्या सौभाग्यवतींनी त्या पिशवीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि "हे ठेवायचं कुठं?" एवढेच विचारले. हे वाजविणार कोण, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. किंमत सांगताना आम्ही ती 14,000 ऐवजी 11,000 रुपये सांगितली. हे मासिक आमच्या घरी प्रथम त्यांच्याच हाती पडते, हे जाणूनही हा कबुलीजबाब आम्ही येथे देऊन टाकतो. पुढे जे सांगावयाचे आहे, त्याच्या मानाने हा अपराध लहान आहे.

गिटारीची इच्छा आमच्या मनात आजची नव्हे. 1990 च्या सुमारास आम्ही पदव्युत्तर शिक्षणासाठी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, वसतिगृहात राहत होतो. आमच्या खालच्या मजल्यावर एक विद्यार्थी रात्रीचे जेवण झाल्यावर गिटार वाजवीत बसे. त्याला येत होती ती चारदोन सिनेमातील गाणी. परंतु तारांवरून त्याचा हात एकवार फिरला की काळोख्या चौकात जो सूर भरून राही, तो ऐकण्यासाठी आम्ही जिन्याच्या पायरीवर कीट्सची कविता उघडून वाचण्याचे सोंग करीत असू. एकदा त्याने आमचे सोंग ओळखले आणि ते वाद्य सरळ आमच्यापुढे धरले. आम्ही नको म्हटले. शिकण्याचे वय आता निघून गेले, असे कारण आम्ही त्यास दिले. त्या वेळी आमचे वय बावीस वर्षांचे होते!

तीस-बत्तीस वर्षांनी तेच वय पुन्हा परत आले, तेव्हा आम्ही हैदराबादेची गाडी धरली. उदगीरचा मनुष्य मोठ्या खरेदीस पुण्या-मुंबईस जाण्याऐवजी हैदराबादेस का जातो, हे बाहेरच्या वाचकांस कदाचित समजणार नाही. आमचा हा तालुका 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. मग तो उस्मानाबादेस जोडला गेला आणि 1982 साली लातूर जिल्हा झाला, तेव्हा लातुरात आला. कागदोपत्री जिल्हे बदलले तरी परळीहून विकाराबादेस जाणारा लोहमार्ग बदलला नाही, व लोकांच्या पायांची सवयही बदलली नाही. येथे बाजारात एकाच दुकानी मराठीत भाव विचारावा, कानडीत घासाघीस व्हावी, तेलुगूत शेजाऱ्याचे मत पडावे आणि उर्दूत सौदा तुटावा, यात कोणास काही विशेष वाटत नाही.

हे सांगण्याचे कारण असे की दुकानदाराने आमच्यापुढे दोन जातींची वाद्ये मांडली. एक निव्वळ लाकडाची, पोकळ पोटाची, जिचा आवाज तिच्या पोटातूनच यावयाचा. आणि दुसरी भरीव अंगाची, विजेशिवाय जवळजवळ मुकी. आम्ही दोहोंकडे आळीपाळीने पाहत उभे राहिलो, तेव्हा त्याने तिसरी काढली. हिचे पोट पहिलीसारखे पोकळ होते. परंतु शेपटाकडे, जेथे गळ्यातला पट्टा अडकवावयाचा, तेथे एक भोक होते आणि कुशीत चार बटणांची लहानशी पेटी बसविलेली होती. एकांतात वाजवावी तर कोणतीही तार न जोडता वाजते. सभेत वाजवावी तर भोकात वायर घालून तिचा आवाज हव्या तेवढ्या मोठ्या कर्ण्यातून काढता येतो. दोन राज्यांच्या सीमेवर राहणाऱ्या मनुष्यास सीमेवरचे वाद्य पसंत पडावे, हे स्वाभाविकच होते. आम्ही तिलाच उचलले.

नव्या वस्तूचा पहिला आनंद ती वापरण्यात नसतो, नुसती न्याहाळण्यात असतो. पहिले चार दिवस आम्ही गिटार वाजविली नाही. मांडीवर घेऊन बसलो. तिच्या गोल तोंडाशी नाक नेले असता आतून नव्या लाकडाचा आणि किंचित सरसाचा असा वास येतो, की शाळेच्या पहिल्या दिवशीच्या नव्या पाटीची आठवण व्हावी. सर्वांत जाड तार अंगठ्याने नुसती छेडावी. सेकंदास सुमारे 82 आंदोलने करणारा तो खर्ज कानाच्याही आधी छातीच्या फासळ्यांस कळतो, कारण वाद्याची पाठ आपल्या छातीस टेकलेली असते. सर्वांत बारीक तार तिच्याच दोन सप्तके वर बोलते. या सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे 70 किलो भरतो, असे आम्ही वाचले, तेव्हा आमच्या मोंढ्यातील सोयाबीनचे भरलेले पोते आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. एवढे पोते अष्टौप्रहर ओढून धरणारी ती तबली वहीच्या पुठ्ठ्यापेक्षा फारशी जाड नसते!

त्या पातळ तबलीचेच सारे माहात्म्य आहे, हे स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस नावाच्या कारागिराने फार मौजेने सिद्ध करून दाखविले. आजच्या गिटारीचा आकार ज्याने घडविला असे मानतात, तोच हा कारागीर. 1862 साली त्याने एक गिटार अशी केली की तिची वरची तबली तेवढी लाकडाची, आणि पाठ व बाजू चक्क कागदाच्या पुठ्ठ्याच्या. ते वाद्य आजही बार्सिलोना येथील संगीत-संग्रहालयात आहे. आमच्या गिटारीच्या पोटातील विजेची युक्ती मात्र त्याच्या हयातीत कोणास सुचलेली नव्हती. परंतु तिचे बीज त्याच्या हयातीतच पडले होते. 1880 साली झाक आणि पिएर या क्यूरी बंधूंना असे आढळून आले की गारेसारखे काही स्फटिक दाबले असता त्यांत वीज उत्पन्न होते. तशाच गुणाच्या पदार्थाची एक बारीक पट्टी आमच्या गिटारीच्या घोडीखाली, हाडाच्या पट्टीच्या बरोबर खाली दडविलेली आहे. तार थरथरते, घोडी दाबली जाते, दाबाची वीज होते, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी कुशीतली पेटी ती वीज सावरून धरते, आणि वायरीतून ती बाहेर पडते. ही युक्ती ज्यांनी बाजारात रुळविली, त्यांत अमेरिकेतील चार्ल्स कामान यांचा कारखाना प्रमुख होता. हे गृहस्थ मूळचे हेलिकॉप्टर बनविणारे. यंत्रातील थरथर नाहीशी कशी करावी याचा ज्याने जन्मभर विचार केला, त्याने 1966 च्या सुमारास थरथरीचेच दुकान मांडावे, हा योगायोग आम्हांस फार आवडतो.

आमचे संस्कृतचे एक सहकारी आहेत. त्यांनी ही सर्व हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "सरस्वतीच्या हाती वीणा असताना तुम्हांस हे परदेशी खोकेच का सापडले?" अशा प्रश्नास आम्ही पूर्वी चिडलो असतो, परंतु नव्या वाद्याच्या मालकास सर्व मनुष्यजातीविषयी प्रेम वाटत असते. आम्ही त्यांस विचारले, की आपल्या आळीतील भजनी मंडळाची पेटी कोणत्या देशची? युरोपातून आलेली ती पेटी आपल्या नाटकांनी मांडीशी घेतली, कीर्तनांनी घेतली, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिच्यावर प्रभुत्व मिळविले. तरी 1940 साली आकाशवाणीने तिला बंदी केली, ती 1971 पर्यंत चालली. तिचे स्वर बांधलेले, तिला मींड नाही, हा तिच्यावरचा आरोप होता. आणि तो खोटाही नव्हता. हाच आरोप आमच्या गिटारीवरही येतो. तिचे पडदे दांडीत पक्के ठोकलेले. सतारीसारखे सरकविता येत नाहीत. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडल्यामुळे तिचा गांधार आपल्या शुद्ध गांधाराहून किंचित चढाच लागतो. परंतु ब्रिजभूषण काबरा यांनी हीच गिटार मांडीवर आडवी घेतली, तारेवरून धातूचा तुकडा सरकविला, आणि पडद्यांचा प्रश्नच मिटवून टाकला. 1967 साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका आपणही ऐकली असेल, असे आम्ही म्हणताच आमचे सहकारी गप्प झाले. ती ध्वनिमुद्रिका त्यांच्याच घरी आम्ही प्रथम ऐकली होती.

त्यांच्या मनातील वीणेचे पारडे हलके करण्याचा मात्र आमचा हेतू नव्हता. उलट हे वाद्य घरी आल्यापासून आम्हांस मिरजेची आठवण वरचेवर होते. मिरजेचे तंबोरे आणि सतारी करणारे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींस धार लावणारे. शस्त्रांचे दिवस सरल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी पंढरपूरकडचे कडू भोपळे हाती घेतले आणि त्यांतून तंबोरे घडविले. त्या सतारींना व तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या या गावाचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते 1760 च्या लढाईमुळे, सदाशिवरावभाऊंनी निजामास येथे नमविले म्हणून. तेव्हाच्या तलवारी आज कोठे आहेत हे कोणी सांगू शकणार नाही. शिकलगारांचे तंबोरे मात्र अजून बोलतात.

मिरजेशी आमच्या जिल्ह्याचे दुसरेही एक नाते आहे, आणि गिटारीने त्याचीही आठवण करून दिली. हे लाकूड फार नाजूक. हवा अगदी कोरडी झाली की ते आकसते, तबली खचते, प्रसंगी तडकते; म्हणून उन्हाळ्यात पिशवीत ओला स्पंज ठेवावा, असे दुकानदाराने बजावले होते. आम्ही तो ठेवतो. परंतु प्रत्येक वेळी स्पंज भिजविताना एप्रिल 2016 आठवल्यावाचून राहत नाही. त्या महिन्यात लातूर शहरास पिण्याचे पाणी आगगाडीने आणावे लागले होते, आणि ती गाडी मिरजेहून येत होती. ज्या जिल्ह्याने घोटभर पाण्यासाठी आगगाडीची वाट पाहिली, तेथे एका प्राध्यापकाच्या हौसेला पाणी पाजावयाचे, ही गोष्ट मनास थोडी टोचते. स्पंजास दोन चमचे पाणी पुरते. तेवढे आम्ही आमच्या पेल्यातून कमी करतो, आणि टोचणी तशीच राहू देतो.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. वाद्य घरी आले खरे. पण शिकविणार कोण? पुस्तके आणून पाहिली, मोबाइलवर चलच्चित्रे पाहिली; त्यांतील शिक्षक इतक्या वेगाने हसतमुख असत की आमचा धीर खचे. शेवटी कोणीतरी एका तरुणाचे नाव सुचविले. त्याचे मोबाइल-दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे, आणि लग्नसराईत तो एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवितो. आम्ही दुकानी गेलो. तो उघड्या मोबाइलात डोके घालून बसला होता, वर पाहताच ताडकन उठून उभा राहिला आणि "सर!" म्हणाला. तो आमचा जुना विद्यार्थी निघाला. बी. ए. च्या वर्गात आमच्याच इंग्रजीच्या विषयात तो दोन वेळा नापास झाला होता, आणि पुढे महाविद्यालय सोडून गेला होता.

दर रविवारी सकाळी तो आमच्याकडे येऊ लागला. फी घेण्याचे त्याने साफ नाकारले. चहा तेवढा घेतो. पहिल्या दिवशी त्याने आमच्या डाव्या हाताची बोटे एकेक उचलून तारांवर ठेवली. तीस वर्षे खडू धरून गुळगुळीत झालेल्या त्या बोटांत पोलादी तार रुतली, तशी आमच्या तोंडून नकळत कळ बाहेर पडली. तो म्हणाला, "दुखूलालंय ना सर? दुखू द्या. पंधरा दिवस दुखतंय, मग बोटच घट्ट होतंय." आम्ही त्याच्या बोटांची टोके पाहिली. ती खरोखरच नांगर धरणाऱ्याच्या तळहातासारखी झाली होती.

गिटार शिकणाऱ्यास सोप्या मेळांनंतर एक घाट चढावा लागतो. त्याचे नाव एफ. यात तर्जनी आडवी टाकून पहिल्या पडद्यावरील साऱ्या तारा एकट्या तिनेच दाबावयाच्या, आणि उरलेल्या तीन बोटांनी आणखी तीन ठिकाणे धरावयाची. ऐकावयास काहीच नाही. तीन रविवार गेले; आमच्या एफमधून कधी दोन तारा बोलत, कधी तीन, आणि बाकीच्या लाकडावर नखाने खाजविल्यासारखा आवाज करीत. आम्ही चिडलो. तारांवर चिडलो, बोटांवर चिडलो, शेवटी त्याच्यावरही चिडलो आणि म्हणालो, "अरे, तू करतोस तेव्हा तर हे अगदी सोपे दिसते!" त्यावर तो जे बोलला ते आम्ही अजून विसरलो नाही. तो सहज म्हणाला, "सोपं नाही सर. मला दीड वर्ष लागलं."

हे उत्तर ऐकून आम्ही काही वेळ तारांवरचा हात काढलाच नाही. वर्गात विद्यार्थी अडला की आम्ही काय म्हणत आलो, ते आम्हांस आठवले. "यात अवघड काय आहे? सोपे तर आहे!" असे आम्ही तीस वर्षे म्हणत आलो. देवणीकडच्या, जळकोटकडच्या खेड्यांतून, तांड्यांतून मुले येतात. घरात पुस्तक पाहिलेली ही पहिलीच पिढी. त्यांच्यापुढे आम्ही इंग्रजीची ती इवलीशी उपपदे टाकतो. ती कोठे लावावी व कोठे लावू नये, हे आम्हांस आज विचार न करता कळते. आणि ज्यास कळत नाही त्याच्यात काही उणे आहे, असे आमच्या स्वरातून त्यास कळते. ज्याला स्वतःस किती काळ लागला हे आठवत नाही, त्याने दुसऱ्यास सोपे म्हणून सांगू नये, एवढी साधी गोष्ट आम्हांस एका नापास झालेल्या विद्यार्थ्याने शिकविली. आमच्या तर्जनीत ती जेवढी रुतली तेवढी शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथातून रुतली नव्हती.

नंतरच्या एका रविवारी तो ऑर्केस्ट्राचा लहान ॲम्प्लिफायर घेऊन आला. "आज वायर लावून बघू," म्हणाला. त्या भोकात आजवर आम्ही वायर घातली नव्हती. आपला आवाज मोठा झालेला ऐकण्याची आमची तयारी नव्हती. त्याने बटण फिरविले आणि आम्ही हात टाकला. देवा! जे दोष त्या लाकडी पोटात दबून जात होते ते सारे एकेक होऊन बैठकीत उभे राहिले. अर्धवट दाबलेल्या तारेची झणझण, पडद्यावरून बोट सरकताना होणारी किरकिर. सदऱ्याचे बटण तबलीस लागले तर तोफेचा बार झाल्यासारखे वाटले. स्वयंपाकघरातून काय पडले म्हणून विचारणा झाली. एप्रिल 2022 मध्ये आमच्या गावी 95 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आम्ही तीन दिवस मंडपात राबत होतो. उत्तम वक्त्याचा खाकरा हाही त्याच्या सुविचाराइतक्याच सामर्थ्याने शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, हे आम्ही तेथे पाहिलेले होते. परंतु त्या वेळी तो खाकरा दुसऱ्याचा होता.

आणि त्या झणझणाटात आम्हांस एक जुनी गोष्ट ऐकू आली. पंधरा वर्षांपूर्वी असेच परीक्षेचे पेपर तपासून आम्ही वर्गात आलो होतो. 'माझे ध्येय' या विषयावर इंग्रजीत निबंध होता. एकाने लिहिले होते, "आय वॉन्ट टु बी अ म्युझिक." ते वाक्य आम्ही मोठ्याने वाचून दाखविले आणि वर म्हणालो, "हे गृहस्थ संगीतकार होऊ इच्छीत नाहीत. साक्षात संगीतच होऊ इच्छितात!" ऐंशी विद्यार्थ्यांचा वर्ग खदखदून हसला. आम्हांसही आपली कोटी बरी साधली असे वाटले. निबंध कोणाचा, हे आम्ही सांगितले नव्हते. परंतु शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगा मान खाली घालून बसला होता, आणि तेवढ्याने सर्वांस कळले. तो मुलगा आज आमच्या बैठकीत गुडघे टेकून बसला होता आणि आमचे दोष जरा कमी ऐकू यावेत म्हणून ॲम्प्लिफायरचे बटण हळूच मागे फिरवीत होता.

वर्गातील चबुतरा हाही एक ॲम्प्लिफायरच आहे. त्यावरून आम्ही एक लहानशी थट्टा केली. ती किती मोठी होऊन कोठवर गेली, याचा हिशेब आम्ही कधी केला नाही. तो महाविद्यालय सोडून गेला तो त्याच कारणाने, असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. घरची अडचणही असेल. परंतु त्याच कारणाने नव्हे, असे म्हणण्याचाही आम्हांस अधिकार नाही.

आम्ही गिटार खाली ठेविली आणि बोलावयास आरंभ केला. तीस वर्षे बोलण्यावर पोट भरलेल्या मनुष्यास त्या दिवशी वाक्य जुळेना. "तुझा तो निबंध... आम्ही वर्गात वाचला होता... तसे करावयास नको होते," असे काहीतरी आम्ही तुटक तुटक बोललो. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. तो गिटार उचलून एक खुंटी पिरगाळीत होता, आणि कान तारेकडे होता. क्षणभर थांबून तो म्हणाला, "सर, दुसरी तार जरा उतरलीय. तेवढी लावून घेऊ." त्याने तार लावली, वाद्य आमच्या हाती दिले आणि म्हणाला, "हां, आता वाजवा."

त्यास ती गोष्ट आठवत होती की नव्हती, त्याने आम्हांस क्षमा केली की विषय टाळला, हे आम्हांस कळले नाही. विचारण्याचा धीर आम्हांस नाही आणि पुन्हा विचारणे बरेही नव्हे. आपल्या मनाचा भार हलका करण्यासाठी त्याच्यावर तो दुसऱ्यांदा घालण्यासारखे ते होईल. आम्ही एवढेच केले की त्याने सांगितल्याप्रमाणे वाजविले. त्यानंतरच्या सोमवारी वर्गात एक मुलगी उभी राहून वाक्य जुळविता जुळविता अडली. "सोपे आहे" हे शब्द आमच्या ओठांपर्यंत आले होते. आम्ही डाव्या तर्जनीच्या टोकावरून अंगठा फिरविला आणि थांबलो. ती थोड्या वेळाने, चुकत का होईना, वाक्याच्या शेवटास पोचली.

गिटारीपासून आम्हांस मिळणारा आनंद यामुळे कमी झाला, असे मात्र कोणी समजू नये. संध्याकाळी ऊन उतरले म्हणजे आम्ही गच्चीवर जाऊन बसतो. किल्ल्याकडून वारा येतो, खाली कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होते, आणि आम्ही तीन-चार मेळ पुन्हा पुन्हा फिरवीत राहतो. त्यांतून कोणतेही गाणे होत नाही. वायर लावलेली नसते. त्यामुळे हा सूर आमच्या गच्चीच्या कठड्यापलीकडे जात नाही, आणि त्याने जावे असेही आम्हांस वाटत नाही. पण भोक आहे. पुढेमागे पोरीच्या लग्नात, त्याच्या शेजारी बसून, एखादे कडवे वाजवावे, अशी एक इच्छा आम्ही मनात बाळगून आहोत. ती आजवर कोणास सांगितलेली नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही महाविद्यालयातून परत आलो, तो बैठकीत खिडकीजवळच्या मेजावर गिटार उभी करून ठेवलेली दिसली. तेथे पूर्वी रक्तदाब मोजण्याचे यंत्र असे. ते खालच्या कप्प्यात गेले होते. गिटारीवर जुन्या इरकली लुगड्याची शिवलेली खोळ होती. आम्ही काही बोललो नाही. स्वयंपाकघरातून आवाज आला, "काल त्या अवघड ठिकाणी कमी अडखळलात."

अजून पाचच तारा बोलतात. येत्या रविवारी तो यावयाच्या आधी दुसरी तार आम्ही स्वतःच लावून ठेवणार आहोत.